जळगावला घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचंय, बजेट ४० हजार – कोणतं घेऊ?

मेहरूणकाठ

राम राम मंडळी. आता कायमचं घरून काम सुरू झालंय आणि आम्ही दोघं पुणं सोडून जळगावला आईवडिलांकडे राहायला आलोय. बाकी सगळं झकास आहे, भरीत-भाकरी आहे, शेवभाजी आहे, पण पुण्यात ऑफिसखाली जी कॉफी मिळायची ती इथे घरी कशी करायची ते कळेना. इन्स्टंट आता पिववत नाही. म्हणून मशीन घ्यायचं ठरवलंय, बजेट सगळं धरून ४० हजार.

रोज सकाळी दोन कप, मला कधी काळी कधी कॅपुचिनो, बायकोला लाटे. संध्याकाळी कधीतरी परत एक-एक. आई-नाना चहावाले आहेत, ते या भानगडीत पडणार नाहीत. पण रविवारी पाहुणे आले की "तुमचं ते मशीन दाखवा" होणारच, तेव्हा पाच-सहा कप लागतील.

आता गोंधळ असा की ऑनलाइन बघून राहिलो तर दहा हजाराच्या मशीनवर २० बार (पाण्याच्या दाबाचं माप) लिहिलंय, पंचवीस हजाराच्या मशीनवर १५ बार, आणि लाखाच्या मशीनवर ९ बार. म्हणजे जितकं महाग तितके बार कमी, हे काय गणित आहे? दुसरं म्हणजे एका विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणे जळगावला माणूस येणार नाही, बिघडलं तर पॅक करून मुंबईला पाठवा, खर्च तुमचा. ते ऐकून जरा थांबलो. तिसरं, आमच्याकडे नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी दोन्ही एकाच टाकीत पडतं, किचनमध्ये आरओ आहे. मशीनमध्ये कोणतं घालायचं? आणि मे महिन्यात व्होल्टेजचं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे.

ज्यांच्याकडे आपल्या भागात मशीन आहे त्यांनी कृपया सांगा.

---

शेवभाजी_जिंदाबाद

भाऊ दोन कपासाठी ४० हजार कशाला, मोका पॉट घ्या. बियालेट्टीने १९३३ साली काढलेलं भांडं आहे, अजून इटलीत घरोघरी तेच चालतं. गॅसवर ठेवायचं, वीज नको, सर्व्हिस नको, फक्त रबराचं वायसर अधूनमधून बदलायचं. एस्प्रेसो नाही म्हणता येणार, प्रेशर जेमतेम १-२ बार असतं, पण दुधात घातली की कडक लागते. दोन हजारात काम होतं. उरलेल्या पैशात चांगल्या बिया आणा.

---

भुसावळ_जंक्शन

मोका पॉटचं वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं, माझ्याकडेही आहे आणि रोज वापरात आहे. पण मेहरूणकाठ, तुम्हाला कॅफेसारखी काळी एस्प्रेसो प्यायची असेल, वर तो तपकिरी क्रेमाचा थर आणि घोट घेतल्यावर बराच वेळ तोंडात राहणारी चव, तर ती मोका पॉटमधून येत नाही, त्याला प्रेशर लागतंच. म्हणून नीट सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी बारचा घोळ. एस्प्रेसो ९ बारच्या आसपास निघते, हे आजचं नाही. मिलानच्या गाजियाने १९३८ मध्ये पेटंट घेतलं आणि युद्धानंतर १९४८ च्या सुमारास दांड्याची मशीन बाजारात आणली, त्यात स्प्रिंगच्या जोरावर पाणी कॉफीतून ढकललं गेलं आणि पहिल्यांदा कपात क्रेमा दिसला. त्याआधीच्या मशीन वाफेच्या होत्या, दीड बारच्या आसपास. मग १९६१ मध्ये फाएमाची ई६१ आली, तिच्यात दांड्याच्या जागी मोटरचा पंप, तोही ९ बारचा. तेव्हापासून सगळं जग ९ च्या आसपासच आहे. घरगुती मशीनवर १५ किंवा २० लिहितात तो त्या छोट्या पंपाचा जास्तीत जास्त जोर आहे, कपात काय येतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. चांगल्या मशीनमध्ये एक व्हॉल्व असतो तो जादाचं प्रेशर परत टाकीकडे सोडून देतो. त्यामुळे बारचा आकडा बघून मशीन अजिबात निवडू नका. एकच आकडा बघून पळायचं, तो म्हणजे ३.५ किंवा ४ बार. त्यात पंपच नसतो, बंद डब्यात पाणी उकळून वाफेच्या जोराने कॉफीतून जातं, कॉफी करपट लागते. त्याच्यापेक्षा मोका पॉट शंभर पटीने बरा.

आता खरं बोलतो. ४० हजारातले आधी दहा ग्राइंडरला बाजूला काढा, मग मशीनचं बघा. बहुतेक लोक सगळे पैसे मशीनला घालतात आणि दळण मिक्सरमध्ये करतात, किंवा पॅकेट दळून मागवतात, आणि मग म्हणतात घरी कॅफेसारखी होत नाही. मिक्सरचं पातं बी कापतं, दळत नाही, म्हणून त्यात पीठपण असतं आणि कणीपण असते. पाणी कणीकडून वाट काढतं आणि सटकन निघून जातं, तिथली कॉफी कडू आणि बाकीची आंबट, दोन्ही एकाच कपात. एस्प्रेसोला १८ ग्रॅम पावडरीतून साधारण ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदात निघायला पाहिजे. ती १२ सेकंदात आली तर दळण बारीक करायचं, ५० सेकंद लागले तर जाडं करायचं. हे मागेपुढे करणं ग्राइंडर हातात असल्याशिवाय होत नाही, दळून आलेल्या पॅकेटला तुम्ही काय करणार?

हाताचा ग्राइंडर घ्या, पण तोसुद्धा बघून. टाइममोरचा सी२ सगळे सुचवतात, फिल्टर आणि मोकाला मस्त आहे, पण त्याची एक क्लिक, म्हणजे दळण जाड-बारीक करायचा एक टप्पा, ८० मायक्रॉनच्या वर जाते (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी). एस्प्रेसोत एवढी मोठी उडी परवडत नाही, एका क्लिकला १५ सेकंदात धो धो आणि पुढच्या क्लिकला थेंब थेंब. किंगराइंडरचा के६ बघा, त्याची एक क्लिक १६ मायक्रॉनची. किंवा टाइममोरचाच सी३ ईएसपी, तोही बारीक सरकतो. १८ ग्रॅम दळायला मिनिटभर लागतं, रोज दोन कपाला काहीच नाही.

मशीनचं, तुमच्या बजेटात डेलाँगीची डेडिका हे मला सगळ्यात सरळ वाटतं. १५ सेंटिमीटर रुंद, ओट्यावर कोपऱ्यात बसते, लवकर गरम होते. फक्त लक्षात ठेवा की तिच्यासोबत पावडर भरायची जी जाळी येते ती दुहेरी तळाची असते, खाली एकच बारीक भोक, त्यातून फेस जबरदस्तीने तयार होतो. तयार दळलेल्या कॉफीला ती ठीक आहे. ग्राइंडर घेतला की ५१ मिमीची साधी एकेरी जाळी वेगळी मागवा, हजार-दीड हजारात मिळते, आणि मग फरक बघा. त्याच मशीनमधून दुसरीच कॉफी येते.

गाजिया क्लासिक सगळ्यात आवडती, पण आयातीचा भाव बघता तुमच्या बजेटाबाहेर जाईल. आणि एक, अमेरिकेतून कोणी नातेवाईक आणून देतो म्हणाला तर नाही म्हणा. तिकडच्या मशीन ११०-१२० व्होल्टच्या असतात, आपल्याकडे लावली की गेली.

---

पांझराकाठची

दादा, मी धुळ्याहून. आमचं घर मोठं आहे, सासूबाई, सासरे, दीर-जाऊ, मुलं, आणि दुकान खालीच असल्यामुळे माणसांची ये-जा कायम. भुसावळच्या दादांनी सांगितलं ते शास्त्र पटलं पण एक विचारते, पाहुणे आल्यावर सहा कप करायचे तर सहा वेळा हाताने दळायचं, सहा वेळा दाबायचं, सहा वेळा जाळी ठोकायची, आणि प्रत्येक वेळी आधी कॉफी काढून मग वाफ तापायची वाट बघायची. पहिल्या माणसाचा कप थंड होतो तेव्हा शेवटच्याचं दूध फेसाळतं.

आमच्याकडे फुल ऑटोमॅटिक आहे. बी वरून घातली, बटण दाबलं, दळण आतच होतं, कॉफी कपात. चव कॅफेच्या मशीनएवढी गोल नाही येत हे मी मान्य करते, पण सासरेसुद्धा स्वतःचं स्वतः करून घेतात आणि ही गोष्ट माझ्यासाठी फार मोठी आहे. घेताना एवढंच बघा की आतला ब्रू ग्रुप, म्हणजे पावडर दाबून त्यातून पाणी सोडणारा भाग, बाहेर काढून नळाखाली धुता येतो का. धुता येत नसेल तर घेऊच नका, आपल्या उन्हाळ्यात आत ओली पावडर राहिली की बुरशी धरते.

आता दुधाचं सांगते कारण कोणी बोललंच नाही. लाटे-कॅपुचिनो म्हणजे निम्म्याहून जास्त दूधच असतं. आपल्याकडे घरी म्हशीचं सुटं दूध येतं. ते तापवून लगेच वाफेखाली धरलं तर फेस येत नाही, आणि सायीचे तुकडे वाफेच्या नळीच्या तोंडात अडकतात. करायचं असं, दूध तापवलं की गार करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी सगळी साय काढायची, मग बारीक गाळणीने गाळून घ्यायचं आणि एकदम गार असतानाच वाफेखाली धरायचं. स्टीलचा जगसुद्धा फ्रीजमध्ये ठेवा, मे महिन्यात किचनमध्ये भांडंच एवढं तापलेलं असतं की दूध ओतल्या ओतल्या कोमट होतं. फेस धरतो तो दुधातल्या प्रोटीनमुळे, आणि दूध गार असेल तर ६० डिग्रीला पोचेपर्यंत फेस नीट घोटायला वेळ मिळतो. ६०-६५ च्या वर नेऊ नका, जगाला हात लावून तीन सेकंद धरवेना की बंद. त्यापुढे दुधाचा गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो.

पाहुण्यांसाठी पिशवीचं टोन्ड दूध आणते मी. त्यात स्निग्धांश ३ टक्के आणि बाकी घन पदार्थ साडेआठ टक्के, फेस अगदी हलका आणि बारीक येतो. म्हशीच्या दुधाचा फेस कमी पण जड आणि मलईदार, घरच्यांना तोच आवडतो.

---

चाळीसगाव_वायरमन

नमस्कार. माझं दुरुस्तीचं दुकान आहे, मिक्सर, गिझर, पंप, आणि आता दोन-तीन वर्षांपासून कॉफीची मशीनपण यायला लागल्या. कॅफे निघाले ना सगळीकडे, आणि घरच्यापण येतात. मी कॉफी पीत नाही, मशीन खोलतो. त्यामुळे आतून काय दिसतं ते सांगतो.

आपल्या भागातून जी मशीन येते तिच्यात दहातल्या आठ वेळा एकच दुखणं, खार. पाण्याचा पांढरा थर. परवा एक उघडली, आत थर्मोब्लॉक असतो, म्हणजे ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात पाण्याची बारीक वाट कोरलेली असते आणि शेजारून हीटर जातो, पाणी जाता जाता गरम होतं. ती वाट एवढी भरली होती की सुई जाईना. मालक म्हणे पंप खराब झाला, आवाज येतो पण पाणी नाही. पंप चांगला होता, ढकलून ढकलून बिचारा गरम झालेला, पुढे रस्ताच नव्हता. खार साचला की हीटरची उष्णता पाण्याला लागत नाही, ठोकळा जास्त तापतो आणि मग थर्मल फ्यूज उडतो. फ्यूज पन्नास-शंभराचा, पण तो कळायला मशीन पूर्ण खोलावी लागते.

बोअरचं पाणी नुसतं तसंच मशीनमध्ये घालूच नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो असं आहे. म्हणजे पाणी प्यायला सरकारी हिशोबाने पास असलं तरी मशीनला ते विष आहे. तुमच्या भागाचं पाणी किती कठीण आहे ते भूजल सर्वेक्षणच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून मिळतं, नाहीतर माशांच्या टाकीवाल्यांकडे कठीणपणा मोजायचं छोटं किट मिळतं, थेंब टाकायचे आणि रंग बदलेपर्यंत मोजायचे. आरओवाल्याचं टीडीएस मीटर हे नाही सांगत, ते सगळे क्षार एकत्र मोजतं, मीठ असलं तरी आकडा वाढतो.

निव्वळ आरओचं पाणीपण मी सुचवत नाही. एक तर कॉफी फिकी लागते असं गिऱ्हाईक सांगतात, आणि अगदी क्षार नसलेलं पाणी धातू खातं. मोठ्या मशीनमध्ये बॉयलर भरला का नाही ते बघायला एक सळई असते, ती पाण्यातून करंट जातो त्याच्यावर चालते, फार शुद्ध पाण्यात तिला पाणी दिसतच नाही. तुमच्या छोट्या मशीनला तो प्रश्न नाही.

मिसळून घाला. समजा बोअरचा कठीणपणा ५०० निघाला, तर एक भाग बोअर आणि सहा भाग आरओ, म्हणजे ७० च्या जवळ येतं. ५० ते १०० मध्ये राहिलं की मशीन पण खूश आणि कॉफी पण. एकदा वीस लिटरच्या जारमध्ये मिसळून ठेवायचं, रोजची कटकट नको.

आणि ताई, फुल ऑटोमॅटिक बद्दल तुमचं घरचं कारण एकदम बरोबर, पण मला विचाराल तर ती मशीन मी दुकानात घेत नाही. तिच्यात सगळं बोर्डावर चालतं, सेन्सर, गिअर, छोट्या मोटरी. बोर्ड गेला की पार्ट कंपनीशिवाय मिळत नाही आणि किंमत ऐकून लोक मशीन तशीच सोडून जातात. साध्या मशीनमध्ये पंप, हीटर, थर्मोस्टॅट, फ्यूज आणि चार रबरी रिंगा. तो ४८ वॅटचा इटालियन उल्का पंप तर कितीतरी कंपन्यांच्या मशीनमध्ये एकच असतो, ऑनलाइन मागवला की मी बसवून देतो. जळगावला माणूस येत नाही ना, मग जी आपल्या गावात खोलता येते ती घ्या.

---

पांझराकाठची

@चाळीसगाव_वायरमन भाऊ, बोर्डाचं तुम्ही सांगता ते खरं असेल, आमची अजून वॉरंटीत आहे. पण भुसावळचे दादा म्हणतात तसं सकाळी उठून ग्रॅम मोजायला सगळ्यांना वेळ नसतो हो. घरात बाई एकटी किचनमध्ये असते आणि कॉफीचं मशीन "ह्याचा छंद" म्हणून आलेलं असलं तरी शेवटी धुणं-पुसणं तिच्याकडेच येतं. मेहरूणकाठ दादा, वहिनींना विचारा आधी, त्यांना दळायचं आहे का बटण दाबायचं आहे.

---

मेहरूणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं खुलासेवार कुठल्या व्हिडिओत नाही सांगितलं कोणी.

ताई, तुमचा मुद्दा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली दळायचं-दाबायचं माझं काम आणि धुवायचंपण माझंच, दूध ती बघेल. हे ठरलं. पाहुण्यांना मोका पॉटची कॉफी आणि फेसाळलेलं दूध देऊ, मोठा सहा कपांचा पॉट घेतो, ते शेवभाजी भाऊंचं ऐकलं.

म्हणजे के६ ग्राइंडर आणि डेडिका या वाटेवर आलोय. आता फक्त वीज. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी-संध्याकाळी व्होल्टेज पडतं, एसी सुरू झाले की दिवे मंद होतात. इनव्हर्टर आहे पण त्याच्यावर चालेल का?

---

तोरणमाळ_रोड

नंदुरबारकडून. विजेचा विषय निघाला म्हणून लिहितो, हाताच्या दांड्याची मशीनपण असते हे कोणी सांगितलंच नाही. फ्लेअरची बघा. वायर नाही, मोटर नाही, टाकी नाही. किटलीत पाणी गरम करायचं, वरच्या नळीत ओतायचं आणि दांडा खाली दाबायचा, काही मॉडेलला प्रेशरचा काटा असतो, तो ९ च्या आसपास धरून ठेवायचा. मी आमच्या शेतावरच्या घरी हीच ठेवलीय, तिथे लाइट रात्रीची येते का दिवसाची हे वेळापत्रकावर असतं. गॅसवर पाणी, हाताने दळण, आणि जो शॉट (एका वेळची एस्प्रेसो) पडतो तो शहरातल्या कॅफेत ठेवला तरी कोणी ओळखणार नाही. खार धरला तरी किटलीत धरेल, आणि किटली आतून घासता येते.

कमी एवढंच की दूध फेसाळायची नळी नसते. तुमच्या घरी लाटे रोजचा म्हणजे तुम्हाला वेगळा फ्रॉदर लागेल, किंवा फ्रेंच प्रेसमध्ये गरम दूध घालून वर-खाली करायचं, त्यानेही चांगला फेस येतो. आणि हिवाळ्यात नळी आधी गरम पाण्याने तापवावी लागते, नाहीतर शॉट आंबट. आपल्या मे महिन्यात तेवढी गरज पडत नाही.

काळी पिणाऱ्याने हीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. दोघांतला एक दूधवाला आहे म्हणून तुमचा निर्णय चुकीचा म्हणणार नाही.

---

चाळीसगाव_वायरमन

व्होल्टेजचं मी सांगतो. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. १३०० वॅटची मशीन २३० व्होल्टला १३०० देते, तीच १९० व्होल्टला ९०० च्या खाली येते. म्हणजे गरम व्हायला वेळ, आणि वाफ एकदम दमलेली, दूध फेसाळायच्या ऐवजी नुसतं कोमट होतं. पंपाचा जोरपण पडतो. मशीन खराब होत नाही त्याने, पण कॉफी खराब होते आणि तुम्हाला वाटतं दळण चुकलं, मग तुम्ही ग्राइंडर फिरवत बसता. म्हणून आधी एक मल्टिमीटर घेऊन संध्याकाळी किचनचा पॉइंट मोजा. २१० च्या खाली जात असेल तर २ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा, नसेल जात तर पैसे वाचवा. सकाळी सहा-सातला बहुतेक ठिकाणी व्होल्टेज चांगलं असतं.

घरच्या ८००-९०० व्हीएच्या इनव्हर्टरवर नाही चालणार, ओव्हरलोड मारेल. लाइट गेली की मोका पॉट.

आणि १५ अँपच्या पॉइंटवरच लावा, मिक्सरच्या छोट्या पॉइंटवर किंवा मल्टिप्लगवर नको. अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरात तिसऱ्या भोकात वायरच नसते बऱ्याच वेळा. पाणी आणि हीटर एकत्र आहे, इथे कंजुषी करू नका.

खार काढायला कंपनीचंच औषध वापरा, दिवा लागला की लगेच. लोक लिंबाचं फूल घालतात, पातळ करून चालतं तसं, पण पाणी फार कठीण असेल तर त्याचाच आत साका बसतो, मी काढलाय. व्हिनेगरने रबरी रिंगा आणि वास दोन्हीची वाट लागते.

---

भुसावळ_जंक्शन

वायरमन भाऊंचं सगळं पटलं, विशेषतः व्होल्टेजचं. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा संध्याकाळचा शॉट वेगळाच लागतो, त्याचं कारण आता उलगडलं.

तोरणमाळ भाऊ, दांड्याच्या मशीनबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या मते एकट्या काळी पिणाऱ्याला त्या पैशात याच्याहून चांगली एस्प्रेसो मिळणं अवघड आहे.

मेहरूणकाठ, आता बियांचं, कारण तिथे घसरलात तर बाकीचं सगळं वाया. पॅकेटवर भाजल्याची तारीख लिहिलेली असेल तरच घ्या. "बेस्ट बिफोर" लिहिलेलं असतं ते आपल्या काही कामाचं नाही. ब्लू टोकाई, थर्ड वेव्ह, सबको, अशा बऱ्याच जणांकडून जळगावला कुरियरने येतं. भाजल्यापासून आठवडा-दहा दिवस थांबा, ताज्या बियांत गॅस असतो, त्याने शॉट उसळतो आणि चव टोचते. मग पुढचे तीन-चार आठवडे मजेत. उन्हाळ्यात एका वेळी पाव किलोच मागवा आणि डबा गॅसजवळ किंवा खिडकीत नको. जास्त आणलीच तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरला टाका, आणि पुडी बाहेर काढली की पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बियांवर पाणी धरतं.

दुधातच प्यायची असेल तर मिडियम-डार्क घ्या, आणि थोडी रोबस्टा जातीची कॉफी असलेली मिश्र बी घ्यायला बिचकू नका. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टाच असते, तिला उगाच कमी लेखतात. चिकमंगळूर-कुर्गची चांगली रोबस्टा दुधातून वर येते आणि क्रेमापण जाड देते. नुसती काळी प्यायची तेव्हा अरेबिका जातीची. फक्त किराणा दुकानातली चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी पावडर मशीनमध्ये टाकू नका, चिकोरी भिजली की चिकट होते आणि जाळी तुंबते. ती दाक्षिणात्य फिल्टरसाठीच छान.

मशीन आली की असं करा. ५१ च्या जाळीत १८ ग्रॅम बसणार नाही, १४-१५ ग्रॅम घ्या आणि २८-३० ग्रॅम कपात येईपर्यंत चालू ठेवा. छोटा वजनकाटा लागेलच, दागिने मोजायचा चारशे-पाचशेचा काटा चालतो, जळगावात तो कुठेही मिळेल. मशीन सुरू करून रिकामा दांडा (ज्यात जाळी बसते ती मुठीची वाटी) लावून एकदा गरम पाणी सोडा, म्हणजे दांडा तापेल, कपातही तेच पाणी घ्या. मग पावडर भरून बोटाने सारखी करा, गुठळ्या सुईने मोडा, सरळ दाबा, तिरपी नको. सेकंद मोजा. आंबट लागली तर ग्राइंडर दोन क्लिक बारीक, कडू लागली तर दोन क्लिक जाडं, एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिले काही शॉट बियांचा अंदाज येण्यात जातील, ते धरूनच चाला.

---

मेहरूणकाठ

भाऊ, अजून एकच. दांडा तापवायला सोडलेलं पाणी आणि ग्राइंडरमधली उरलेली पावडर, हे रोज साफ करायचं का आठवड्याने? आणि साबण चालतो का?

---

भुसावळ_जंक्शन

ट्रेमधलं पाणी रोज ओता, उन्हाळ्यात तर नक्कीच. वाफेच्या नळीला दूध लागलं की त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसा आणि एकदा वाफ सोडून द्या, वाळलं की खरवडावं लागतं. जाळी आणि दांडा गरम पाण्याने रोज, आठवड्यातून एकदा साबणाने, नीट खळबळून. ग्राइंडरला पाणी लावायचं नाही, कोरड्या ब्रशने झाडा, महिन्यातून एकदा खोलून पाती ब्रशने साफ करा. खोलताना तुमचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा, परत बसवल्यावर तिथूनच सुरू करता येतं.